त्याने नवीन भांडं बनवलं होतं

विजेच्या कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी तो तिचा प्लग काढायचा आणि समोर टेबलावर ठेवायचा. मागे लोंबकळत सोडायचा नाही. टोस्टर असो, इस्त्री असो, नाहीतर कारखान्यातला लाखमोलाचा पंप. कुणी हसलं तर म्हणायचा, "प्लग डोळ्यांसमोर पाहिजे साहेब. काढलाय असं वाटणं वेगळं अन् काढलेला दिसणं वेगळं."

तुमच्यापैकी जे डब्लिनमध्ये जुने आहेत त्यांना आता तो कोण ते कळलं असेल. जे नवीन आहेत त्यांनी त्याला पाहिलेलं नाही, पण त्याच्यावर हसले मात्र आहेत. गेल्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमात एका तरुणाने माइक हातात घेऊन किस्सा सांगितला, की आपल्या मंडळात एकदा एका काकांनी बिअरच्या भांड्यात गणपतीचा चहा केला, आणि वर देवाची शपथ घेऊन सांगितलं की भांडं नवीन आहे. सभागृह हसलं. सांगणारा तेव्हा या देशात आलाही नव्हता, त्याला दोष नाही. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो, आणि शेजारच्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारून विचारलं, "काका, तुम्ही तर तेव्हा अध्यक्ष होता ना?"

होतो. आणि आता सेक्रेटरीबाईंनी अंकासाठी माझ्याकडे 'काहीतरी हलकंफुलकं, जुन्या माणसांबद्दल' मागितलं आहे. हे घ्या. हलकं होणार नाही.

तो नागपूरचा. आम्ही दोघे डब्लिनजवळच्या एकाच औषध कारखान्यात होतो. तो उपकरणांच्या विभागात, मी त्याचा वरिष्ठ. म्हणून मी 'साहेब'. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्याने ते म्हणायला सुरुवात केली, आणि त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ॲडम्सटाउनला त्याचं घर माझ्या मागच्या गल्लीत होतं.

माणूस सोपा नव्हता. वाद घालायचा. चिकट होता, आणि चिकटपणाचा त्याला अभिमान होता. कुणी नवीन वस्तू दाखवली की किंमत विचारायचा, ऐकून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "अरे बाप्पा." जेवायला बोलावलं तर तो यजमानाच्या हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, डोकं घालून टाकीचं आवरण तपासायचा आणि भर पंगतीत सांगायचा की तुमचे पैसे वाफ होऊन चालले आहेत. माझी बायको त्याला 'मीटर रीडर' म्हणायची.

घरी बिअर करायचं वेड त्याला इथेच लागलं. कारखान्यातल्या एका आयरिश सहकाऱ्याने त्याला एक बाटली दिली होती, घरी केलेली. याने ती पिण्याआधी उजेडात धरून पाहिली, वास घेतला, आणि चवीबद्दल एक शब्द न बोलता विचारलं, "उकळतोस कशात?"

खरी अडचण उकळण्याचीच असते. बार्लीचं गोड पाणी तासभर खळखळून उकळावं लागतं. त्यात हॉप्स नावाची कडवट हिरवी फुलं घालतात. नुसतं गरम होऊन चालत नाही. घरातल्या शेगडीवर एवढं मोठं भांडं ठेवलं तर ते दुपारभर नुसता घाम गाळत बसतं. मागच्या अंगणात गॅसची शेगडी लावून पाहिली, तर इथला वारा ती पेटू देईना. बाजारात विजेवर चालणारं तयार भांडं मिळतं. त्याची किंमत त्याने मला वाचून दाखवली आणि डोळे मिटले.

मग त्याने ते बनवलं. एक मोठा स्टीलचा गंज घेतला. गंज म्हणजे नागपूरकडे उभं खोल पातेलं; मला तो शब्द त्याच्याकडूनच मिळाला. सुपरमार्केटमधून दोन सगळ्यांत स्वस्त किटल्या आणल्या, प्लास्टिकच्या, आत उघडी गुंडाळी असलेल्या. किटल्या फोडून त्यांची एलिमेंट काढली. गंजाला बुडाजवळ दोन भोकं पाडली, सिलिकॉनचे वॉशर घालून एलिमेंट बसवली, खाली एक तोटी लावली. दोन्ही एलिमेंटना वेगळ्या कॉर्ड आणि वेगळे प्लग. एकाच सॉकेटवर दोन्ही टाकली तर काय होतं हे तो मला इतक्या तपशिलात सांगायचा की ते झालेलं मला वासासकट दिसायचं. स्टीलच्या अंगाला अर्थिंगची वायर स्वतंत्र जोडली आणि ती पुन्हापुन्हा मीटरने तपासली. मागच्या अंगणातल्या शेडपर्यंतची वायर मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून ओढून घेतली, आणि त्याचे पैसे एका शब्दाची घासाघीस न करता दिले.

"इथे का नाही भांडलास?" मी विचारलं.

"साहेब, कंजूष आहे मी. मरायची हौस नाही."

उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून गंजाभोवती गुंडाळायला काहीतरी हवं होतं. वहिनींची जांभळी योगासनांची चटई नाहीशी झाली. वहिनी शेडच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, निदान विचारायचं तरी."

"तू आठ दिवसांत हात लावला नव्हता तिला."

"तुम्ही तीस वर्षांत देवाला हात लावला नाही. कापून टाकलात का देव?"

त्याने वहिनींना नवीन चटई आणून दिली, अर्थात सेलमधली.

शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या शेडमध्ये आम्ही जमायचो. आम्ही म्हणजे कोण, ते आज लिहून टाकतो. मंडळाची निम्मी कार्यकारिणी. पुण्याचे, मुंबईचे, सँट्रीहून गाडी काढून येणारे. नियम एकच होता: "एक प्यायची तर दोन धुवायच्या." बाटल्यांबद्दल बोलतो आहे. संगणक कंपन्यांतले मोठे मोठे मॅनेजर बाह्या सरसावून, ब्रश घेऊन बाटल्या घासायचे आणि हा उजेडात धरून तळ तपासायचा. "हे काय राहिलंय? परत." गणपतीच्या त्या प्रसंगानंतर यातल्या एकानेही सांगितलं नाही की आपण त्या शेडमध्ये कधी पाय ठेवला होता.

आता तो प्रसंग.

मंडळाने गणपतीसाठी जो हॉल घेतला होता तिथे गॅस आणायला बंदी होती. आदल्या वर्षी घराघरांतून किटल्या आणून चहा केला, तर त्या सगळ्या एकदम लावल्यावर हॉलची वीज गेली आणि आरती मोबाइलच्या उजेडात झाली. मी अध्यक्ष. मी त्याला म्हटलं, "तुझ्या गंजासारखाच एक आपल्याला करून दे."

"मंडळाला?"

"मंडळाला. चहाला, भाताला, सगळ्याला होईल."

"मग नवीन करतो. माझा नको. हॉप्सचा वास स्टीलला नाही लागत, पण लोकांच्या डोक्याला लागतो." हे त्याचे शब्द. मला नीट आठवतात, कारण पुढे मी ते रोज आठवले आहेत.

त्याने दुसरा गंज आणला, त्याच दुकानातून, त्याच मापाचा. पुन्हा दोन किटल्या फोडल्या. या वेळी पैसे मंडळाने द्यावेत असंही तो म्हणाला नाही, आणि ज्यांनी त्याला ओळखलं आहे त्यांना याचा अर्थ समजेल. तो हॉलवर जाऊन तिथल्या आयरिश केअरटेकरला भेटला, कुठले सॉकेट वेगळ्या सर्किटवर आहेत ते विचारून त्यांच्यावर टेपचे तुकडे चिकटवून आला. केअरटेकर मला नंतर म्हणाला की तुमचा तो माणूस ग्रँड आहे, माझ्या हॉलची वायरिंग माझ्यापेक्षा त्याला जास्त कळते.

स्थापनेच्या सकाळी त्याची रात्रपाळी संपायची होती. आदल्या दिवशी त्याने मला फोन केला. "साहेब, नवीन गंज शेडमध्ये पाण्याने भरून ठेवलाय. वॉशर झिरपतो का ते बघून राहिलो. सकाळी रिकामा करून न्या. चटई बाजूला आहे. माझा जुना त्याच्या शेजारी आहे, तो घेऊ नका."

तो घेऊ नका. इतकं साफ सांगितलं होतं.

मी सकाळी गेलो तेव्हा पूजेचा यजमान म्हणून सोवळं नेसून, उपरणं सावरत गेलो. वहिनी मोदक घेऊन आधीच हॉलवर पोचल्या होत्या. शेडची किल्ली माझ्याकडे होती. नवीन गंज काठोकाठ भरलेला. तो उचलून बाहेर ओल्या गवतावर नेऊन ओतायचा, सोवळं भिजवायचं, पुन्हा पुसून घ्यायचा. शेजारी जुना, कोरडा, घासून लख्ख. हुबेहूब तसाच. मी जुना उचलला. भांडं ते भांडं, असं मनात म्हटलं. चटई घ्यायच्या फंदातही पडलो नाही. सगळं मिळून मला तिथे किती थोडा वेळ लागला याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं.

हॉलवर चहा उकळला. खरंच सुंदर उकळला, आणि वीजही गेली नाही. लोक कप घेऊन रांगेत आले. आणि मग तोटीतून धार बारीक झाली. तेव्हाचे सेक्रेटरी (ते आता कॅनडात आहेत, सुखात असोत) चमच्याचा दांडा घालून तोटी मोकळी करू लागले. आतून हिरवट, भिजलेला पाकळीसारखा तुकडा बाहेर आला.

"हे काय?" कुणीतरी विचारलं.

"हॉप्स," मागून एक जण म्हणाला.

हा मागचा माणूस दर शुक्रवारी शेडमध्ये यायचा. दुसऱ्या कुणाला तो तुकडा ओळखताच आला नसता.

नेमका तेव्हा तो रात्रपाळी करून, डोळे लाल, दारातून आत आला. सेक्रेटरींनी तुकडा त्याच्यासमोर धरला. "देवाच्या दारात दारूचं भांडं आणलंत?"

तो हसलाच आधी. "कोणतं दारूचं? नवीन आहे ते. परवा भोकं पाडलीत मी त्याला."

"नवीन आहे?"

"नवीन आहे. देवाशपथ."

"मग हे काय आहे?"

त्याने तो तुकडा बोटांत घेतला, चुरगाळला, वास घेतला. मग गंजाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. मी गणपतीसमोर पाटावर बसलो होतो, हातात पळी. गुरुजी पुढचा मंत्र म्हणायचे थांबले होते. मला फक्त उठायचं होतं आणि म्हणायचं होतं की अहो, मी आणलंय ते, चुकीचं उचललं. त्यात लाज किती होती? एका कपाएवढी. लोक हसले असते, कुणी कुरकुरलं असतं, संपलं असतं.

मी गुरुजींना म्हटलं, "चालू द्या."

त्यानंतर जे झालं ते आठवून मला अजून संताप येतो. स्वतःचा येतोच, पण तुमचाही येतो. चहा ओतून दिला. एवढा सगळा, दुधासाखरेचा, वेलदोड्याचा चहा सिंकमध्ये. एकीने मोदकांवर झाकण घातलं, जणू तो वास उडी मारून येणार होता. त्या गंजात दारूचा थेंब कधी नव्हताच, हे तिथल्या शुक्रवारवाल्यांना ठाऊक होतं. गंजात उकळतं ते बार्लीचं पाणी. त्याची बिअर होते नंतर, थंड झाल्यावर, यीस्ट घातल्यावर, वेगळ्या बादलीत. शेडमध्ये प्रत्येकाला तो हे शिकवत असे. एकही बोलला नाही. सगळे इंजिनिअर.

बोलली ती एकच बाई. कुणाची तरी आई, साताऱ्याहून लेकाकडे आलेली. ती हातातला कप सोडायला तयार नव्हती. "च्या उकाळलाय न्हवं? मग इटाळ कसला त्यो?" लेकाने तिला "आई, गप गं" म्हटलं. तिने तिथेच उभं राहून कप संपवला.

त्याने दोन्ही प्लग काढले, टेबलावर ठेवले. गंज गार होण्याची वाट न पाहता फडक्यांनी धरून उचलला आणि बाहेर नेला. वहिनी पदराला हात पुसत त्याच्या मागून गेल्या. केअरटेकरने मला विचारलं की चहात काही बिघडलं होतं का, आपण तर दोन कप घेतले. मी म्हटलं, काही नाही, आमच्या चालीरीती. चालीरीतींवर ढकललं.

त्या संध्याकाळपासून तो 'देवाशपथवाला' झाला. बिअर करतो हे लोकांनी पुढे माफ केलं. काहींनी तर नंतर स्वतःच करायला घेतली. खोटं बोलला, हे मात्र राहिलं. कुठे त्याचं नाव निघालं की कुणीतरी म्हणणारच, "नवीन आहे हो, देवाशपथ." मुलं आयरिश हेल काढून म्हणायची. ज्या माणसाचा काढलेल्या प्लगवरसुद्धा विश्वास नव्हता, डोळ्यांनी बघायला लागायचं, त्याच्या शब्दावर कुणाचा विश्वास उरला नाही.

तो मंडळात पुन्हा आला नाही. शुक्रवार बंद झाले. कारखान्यात मात्र तसाच वागला. "बोला साहेब." पंप, व्हॉल्व्ह, हवा. मी सांगणार होतो. आधी दिवाळीला सांगणार होतो, मग निवृत्तीच्या समारंभात. वर्ष जितकं जुनं होतं तितकं तोंड जड होतं, एवढंच मला त्या काळाबद्दल सांगता येईल. दोन वर्षांपूर्वी तो गेला, आजारपण फार लांबलं नाही. स्मशानभूमीतल्या त्या छोट्या खोलीत आपले फार थोडे लोक होते. मी बोललो. उत्तम इंजिनिअर होता, काटेकोर होता, असं सगळं बोललो. ते एक वाक्य सोडून.

वहिनी घर विकून नागपूरला गेल्या. गेल्या महिन्यातल्या कार्यक्रमानंतर मी त्यांना फोन केला. त्या हसून म्हणाल्या, "भाऊजी, आज कसा काय फोन?"

मी सगळं सांगितलं. सोवळं, भरलेला गंज, शेजारचा कोरडा गंज. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "आम्हाला माहीत होतं."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. घरी आलो तर नवीन गंज तसाच भरलेला. हे शेडच्या दारातच उभे राहिले. मग तो रिकामा केला, पुसला. वॉशर नव्हता झिरपला."

"मग तो बोलला का नाही? कुणालाच?"

"मी म्हटलं ना, फोन करा सगळ्यांना. मीच करते म्हटलं. तर म्हणे, तू नको बोलू. साहेब सांगतील. पूजेत होते, नाही उठता आलं. उद्या सांगतील. दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली होती यांनी. दिवसभर घरी होते. बेल वाजली की स्वतः उठून जायचे."

"आणि मग?"

"मग काय. पुढच्या वर्षी गणपती आले तेव्हा म्हणाले, बघ, या वर्षी सांगतील. त्यानंतर मी विचारलं नाही."

त्यांनीच विचारलं की आता तुम्ही काय करणार. मी म्हटलं, मंडळाच्या अंकात लिहितो. सगळ्यांसमोर. त्याचं नाव घेऊन लिहितो, की तो खरं बोलला होता.

"यांचं नाव घालू नका," वहिनी म्हणाल्या.

"का?"

"यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, भाऊजी. इतकी वर्षं तेच तर घेत होते. तुमचं घाला. नीट, मोठ्या अक्षरांत."

सेक्रेटरीबाईंना मी तसं कळवलं आहे.